आडबंदरची एकवीस माणसं

कपाटात चौतीस कॅसेट होत्या. त्यांतल्या एकोणतीस गुहागरकडच्या, तीन कोऱ्या, आणि दोन दिगंबर सरांच्या पत्नीने सांभाळायला दिलेल्या भावगीतांच्या. खालच्या कप्प्यात अकरा सीडी, स्पंजची टोपी हरवलेला एक माइक, आणि पंख्याने कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला एक शंख. सुनीतीने सगळं खाली काढून पुन्हा एकदा मोजलं. आकडा तोच आला.

"मोजल्याने वाढतात का?" सर खुर्चीतूनच म्हणाले.

आडबंदरची कॅसेट त्यात एकही नव्हती. ती नसणार हे सुनीतीला ठाऊक होतं, आणि तरीही ती सकाळपासून सदाशिव पेठेतल्या सरांच्या त्या खोलीत धूळ खात बसली होती, कारण दुपारी आत्माराम तांडेल येणार होते.

सर समाजशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. किनाऱ्यावरच्या माणसांच्या जीवनकहाण्या त्यांच्याच तोंडून टेप करून ठेवायच्या, हे त्यांनी निवृत्तीनंतर हाती घेतलेलं काम. सत्त्याण्णव साली सुनीतीची इलेक्ट्रॉनिक्सची एम. एस्सी. संपली होती, नोकरी अजून लागायची होती, आणि टेपरेकॉर्डर नीट वापरता येईल असं माणूस सरांना हवं होतं. अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत दोघं आडबंदरला जाऊन राहिले. होडी बांधणारे, पोस्टमन, खानावळ चालवणारी एक विधवा, मुंबईच्या गिरणीतून परतलेले दोन भाऊ, अशा एकवीस जणांच्या कहाण्या त्यांनी घेतल्या. एक माणूस, एक गोष्ट, हा सरांचा नियम.

आत्माराम तांडेल सतरावे. रापणीच्या संघाचे म्होरके. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं; होडीने ते समुद्रात अर्धवर्तुळ टाकत न्यायचं आणि दोन्ही टोकं धरून माणसांच्या दोन रांगांनी वाळूवर ओढायचं. आत्मारामकाका ओटीवर बसून हे सांगत होते, आणि त्यांची बायको गोदाबाई माजघराच्या दाराशी बांगड्यांची टोपली पुढ्यात घेऊन मासे साफ करत होती. काका चुकले की ती तिथूनच दुरुस्त करायची.

"एकसष्ट साली आमची रापण फाटली..."

"एकसष्ट न्हय, बासष्ट. ह्यांका काय आठवता!"

"हां, बासष्ट."

काका चुकले नाहीत तर ती नुसतं "हूं" म्हणायची. सांगणाऱ्याला हुंकार लागतो. हुंकार थांबला की गोष्ट थांबते, हे तिथे लहान पोरालासुद्धा कळतं.

सरांनी दोनदा घसा खाकरला. शेवटी म्हणाले, "वहिनी, आत्ता यांचं होऊन जाऊ दे. तुमची गोष्ट वेगळी घेऊ."

"माझी कसली गोष्ट?" गोदाबाई हसली. "ह्यांच्या गोष्टीत मी आसंय मा."

निघताना सुनीतीने तिला सांगितलं, "पुढच्या खेपेला नक्की तुमची घेते हं." मनापासून सांगितलं. पण मार्चमध्ये तिला नोकरी लागली. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून कंपन्या माणसं पोत्याने भरत होत्या, त्यातल्याच एका पोत्यात ती गेली. पुढची खेप झाली ती गुहागरची, आणि तिथे सर एकटेच गेले.

मात्र आडबंदरचं उरलेलं काम तिने सोडलं नाही. नारायण पेठेतल्या घरी तिने सुटे भाग जोडून कॉम्प्युटर उभा केला आणि कॅसेट एकेक करून त्यात उतरवल्या. डिस्क लहान, आवाजाच्या फाइली अवाढव्य. म्हणून प्रत्येक माणसाची फाइल तिने स्वच्छ केली. कोंबडा काढला, एसटीचा हॉर्न काढला, दुसऱ्या माणसाचा आवाज काढला, दोन सेकंदांपेक्षा लांब असलेली शांतता काढली. उरलेली घरघर काढायला एक युक्ती होती. कोणीच बोलत नाही असा एक तुकडा कॉम्प्युटरला नमुना म्हणून द्यायचा आणि सांगायचं, असं जे जे असेल ते सगळीकडून उणे कर. उपयोगी तो सिग्नल, बाकीचा नॉइज. पाच वर्षं ती हेच शिकली होती. काम इतकं चोख झालं की सर म्हणाले, "वा! समुद्र हाकलून दिलात तुम्ही." आणि त्यांनी मोकळ्या झालेल्या कॅसेट पुन्हा भरायला गुहागरला नेल्या. लक्ष्मी रोडवर कॅसेट फुकट वाटत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. शिवाय सर नीटस. कॅसेटच्या शेवटी उरलेली पट्टीही ते कोरी फिरवून पुसून घेत. आज सकाळी सुनीतीने एकोणतीस कॅसेटची शेपटं ऐकून पाहिली होती. सगळ्या कोऱ्या.

चार दिवसांपूर्वी काकांच्या मुलाचा, आनंदचा फोन आला होता. तो हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि कर्वेनगरला त्याने फ्लॅट घेतला होता. "मॅडम, आई गेली दिवाळीनंतर. बाबांना इकडे घेऊन आलोय. ते रोज एकच विचारतात, पुण्यात ती टेपवाली माणसं राहतात ना? त्यांच्याकडे आईचा आवाज आहे."

बरोबर तीनला जिना वाजला. काका पाच वर्षांत अर्धे झाले होते. पांढरा सदरा, पायात आनंदचे बूट. चालताना ते बूट नसून होड्या असाव्यात तसे टाकत होते.

"बसा, बसा. पुणं मानवलं का?" सरांनी विचारलं.

"बरां आसा. पाण्याक वास नाय, हवेक वास नाय. नाक काढून ठेवलां तरी चालता."

सर पहिल्यांदाच मनापासून हसले. सुनीतीला हसता आलं नाही. तिने फाइल लावली.

आवाज काचेसारखा स्वच्छ होता. काका आपलंच बोलणं मान हलवत ऐकू लागले. लहानपण झालं, बापाबरोबर पहिल्यांदा दोर धरला ते झालं. मग: "एकसष्ट साली आमची रापण फाटली. हां, बासष्ट."

काकांची मान हलायची थांबली.

"होडीवर तेव्हा बाबी होता. हां हां, बाबल्या. बाबी नव्हे."

फाइलमधला माणूस बोलत राहिला, दर थोड्या वेळाने कोणाशी तरी सहमत होत राहिला. आनंदने सुनीतीकडे पाहिलं. तो तिच्याच धंद्यातला; काय झालं असेल ते त्याला बहुतेक तिथेच कळलं.

"बाय, तिचो आवाज खंय गेलो?" काकांनी विचारलं.

"काका, तेव्हा नियम होता... एका फाइलमध्ये एकच माणूस." तिने सरांकडे पाहिलं नाही. "मी काढला."

"तिना सांगल्यान म्हणान मी बासष्ट म्हटलंय," काका तिला समजावून सांगितल्यासारखे म्हणाले. जणू तिला हे ठाऊक नसल्यामुळेच घोटाळा झाला होता. "बरं. पुढे लाव. पुढे एक जागा आहे."

ती जागा आली. "सदुसष्ट साली आमची पहिली मुलगी गेली तापाने मग ट्रॉलर आले आणि रापणीला मासळी मिळेना..."

"थांबव," काका म्हणाले.

तिने थांबवलं.

"मी इतक्या लवकर बोललो नव्हतो."

"नाही, काका."

"मुलगी गेली म्हटलं, आणि मी गप्प झालो होतो. बराच वेळ. मग ही बोलली. तिच्याबद्दल ही कधी बोललीच नाही गो. घरात नाही, देवळात नाही. आनंदला बहीण होती हे त्याला शाळेत कोणीतरी सांगितलं. त्या दिवशी ही बोलली, दारात बसून, तुमच्या त्या मशीनसमोर. मला तेव्हा ऐकवलं नाही. मी दर्याकडे बघत बसलो. म्हटलं, टेपमध्ये आहे, मागाहून ऐकू. काय म्हणाली ते ऐकायला आलो होतो."

तिघं सुनीतीकडे पाहत होते. ती तिथे हजर होती. नंतर ते वाक्य तिने कापलंही होतं, म्हणजे निदान दोन-तीनदा ऐकलं असणार. तिने डोळे मिटले आणि आठवून पाहिलं. आठवला तो फक्त पडदा: हिरव्या रेषेवर दोन उंचवटे, एक मोठा, एक लहान, मध्ये खोलगट जागा. कुठून कुठपर्यंत कापायचं ते तिने डोळ्यांनी ठरवलं होतं. शब्द आठवले नाहीत.

"आठवत नाही, काका," ती म्हणाली.

सर खुर्चीत पुढे सरकले. "नियम माझा होता. एकट्या तिला दोष..."

"तुमका कोण काय म्हणता?" काका उठले. दारात थांबून एवढंच म्हणाले, "तुम्ही म्हणाला होता, पुढच्या खेपेला तिची घेऊ. तिने लुगडं काढून ठेवलं होतं. निळं."

पुढचे दोन रविवार सुनीतीने अकरा सीडी तपासण्यात घालवले. जुना कॉम्प्युटर कधीच नव्याच्या बदल्यात देऊन टाकला होता. गुहागर, गुहागर, आडबंदरच्या एकवीस स्वच्छ फाइली, पुन्हा त्याच फाइलींची दुसरी प्रत. जिथे काका आणि गोदाबाई एकदम बोलले असतील तिथे तिचा आवाज खाली अडकून राहिला असेल, या आशेने तिने सतरावी फाइल हेडफोन लावून सावकाश ऐकली. नव्हता. ती शिकाऊ असताना इतकी चांगली कारागीर कशी होती, याचा तिला राग आला.

शेवटच्या सीडीवर 'किरकोळ' नावाच्या कप्प्यात एकवीस बारक्या फाइली निघाल्या. प्रत्येक माणसासाठी जो शांततेचा नमुना वापरला, तो तिने वेगळा ठेवला होता. काही टाकून द्यायचं तर काय टाकलं त्याची नोंद ठेवावी, ही प्रयोगशाळेची सवय. सतरावा नमुना तिने लावला. समुद्र होता. त्याच्यावर खरखर, खवले निघताना होते तशी. तिने आवाज शेवटपर्यंत वाढवला. सतराव्या कॅसेटमधली सगळ्यात लांब शांतता कुठली असणार, हे तिला मग सुचलं, आणि ती उठून उभी राहिली. नमुना ती नेहमी सगळ्यात लांब शांततेतून घ्यायची.

सीडी घेऊन ती तशीच स्कूटरवरून कर्वेनगरला गेली. काका गॅलरीत बसले होते; समोर दुसऱ्या सोसायटीच्या गॅलऱ्या होत्या. आनंदने कॉम्प्युटर सुरू केला.

"काका, हे तिचं बोलणं नाही," तिने आधीच सांगितलं. "तुम्ही गप्प होतात ना, त्यातला मधला तुकडा आहे. बोलायच्या आधीचा."

तिने लावलं.

"यात काही नाही, मॅडम," आनंद हळू आवाजात म्हणाला. "नुसता समुद्र आहे."

"गप रे. बांगडे साफ करता ती," काका म्हणाले. "परत लाव."

तिने परत लावलं. या खेपेला काका स्पीकरजवळ वाकले. खवल्यांची खरखर थांबत होती, आणि ती थांबल्यावर, समुद्राच्या मागे, फार खाली, एक "हूं" होता. काका सांगायचे थांबले होते आणि गोदाबाईने हुंकार दिला होता. पुढे सांगा म्हणून.

सुनीतीने तोच नमुना देऊन कॉम्प्युटरला सांगितलं होतं, असं जे जे असेल ते सगळीकडून उणे कर.

काका बराच वेळ बोटांनी गुडघ्यावर काहीतरी घासत राहिले. मग ताठ बसले, आणि आडबंदरच्या ओटीवर बसून सांगावं तशा आवाजात म्हणाले, "सदुसष्ट साली आमची पहिली मुलगी गेली." आणि सुनीतीला बोटाने खूण केली.

तिने लावलं. समुद्र, खरखर, थांबली, हूं.

आनंद आणि सुनीती काकांकडे पाहत राहिले. काकांनी तोंड उघडलं, पण पुढचं वाक्य आलं नाही. त्यांनी पुन्हा बोटाने खूण केली, आणि तिने पुन्हा लावलं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर सुनीतीने फाइल पडद्यावर उघडून मोजली. लांबी चार पूर्णांक सहा दशांश सेकंद. त्यात गोदाबाईंचा आवाज सात दशांश सेकंद.