शंभाला नावाची सवत

सवत असावी तर डोळ्यांना दिसणारी तरी असावी. माझी सवत म्हणजे एक गाव, तेही हिमालयामागं लपलेलं. शंभाला!

आमचे हे, सीताराम, रिटायर झाले आणि मोबाईलवर तिच्या नादी लागले. लालबागच्या खोलीत सकाळ-संध्याकाळ तिचंच कौतुक. "कमळे, बर्फाच्या डोंगरांमागं कमळासारखं शहर आहे. तिथं कुणी म्हातारं होत नाही. बौद्धांच्यात सांगतात, हिंदूंच्यातही सांगतात." घरातलं कमळ काही दिसत नाही ह्यांना!

आता म्हणे लडाखला जाऊन वाट शोधणार, ह्यांच्या मित्राच्या, शामरावांच्या ग्रुपबरोबर. मला दमा, म्हणून मी घरी. उभ्या जन्मात मला माथेरान दाखवलं नाही या माणसानं!

जळफळाट झाला नुसता. पौर्णिमेला विहारात वंदना संपली आणि सगळ्यांसमोर मी उठले. आपल्या लोकांत असली थोतांडं चालत नाहीत, ह्यांची चांगली खरडपट्टी निघेल, असं मला वाटलेलं.

"ह्यांना विचारा जरा, बावीस प्रतिज्ञांत शंभाला कितवी?"

सगळे हसले. पण शोभा, ती विधवा नर्स, पांढऱ्याशुभ्र साडीत पुढं सरकली. "भाऊ, खरंच जाताय? एक सीट मिळेल का हो?"

करायला गेले काय नि झालं काय! भाऊ म्हणाली म्हणून काय झालं?

निघायच्या दिवशी बॅग मीच भरली. गोळ्यांच्या पुड्यांवर सकाळ, रात्र असं मोठ्या अक्षरात लिहिलं. त्या शोभाला विचारायची वेळच यायला नको.

"ती येतेय म्हणून जाताय का?" शेवटी विचारलंच.

"वेडी आहेस का? ती नसती तरी मी गेलोच असतो."

तेच तर! शोभाच्या झिंज्या तरी धरता आल्या असत्या. ह्या शंभालाला धरू कुठं?

"समजा, सापडलं ते गाव," मी म्हटलं. "परत याल ना?"

हो म्हणायला किती वेळ लागतो माणसाला? हे खिडकीबाहेर बघत बसले, खरंच विचार करत.

"येईन की," म्हणाले. "तुला सांगायला नको का?"

"सांगायला येऊ नका," मी म्हटलं. "राहायला येणार असाल तर या."