टस्कनी की अँडालुसिया

माझी कंपनीची बस चाकणहून रावेतला पोचते, तेव्हा निरंजन लेकीला कडेवर घेऊन सोसायटीच्या गेटवर त्याच्या बसची वाट बघत असतो. लेकीजवळ कुणीतरी हवं म्हणून आम्ही नवरा-बायकोने उलट्या शिफ्ट घेतल्यात. दिवसभरात तेवढीच काय ती गाठ. एप्रिलमध्ये लेकीला गावी आईकडे ठेवून दोघांनीच युरोपला जायचं होतं, त्यावरून तिथेच भांडण चालायचं.

"स्पेनला जाऊ. अँडालुसियात तेव्हा संत्री फुलतात."

"संत्र्यांना नागपूर आहे की, वर्षाली! इटलीत टस्कनीच्या टेकड्या बघ."

"टेकड्यांना आपलं मावळ आहे की!"

ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, निरंजन हसतच बसमध्ये चढायचा.

गेल्या आठवड्यात मी फार दमले होते. "बरं बाबा, टस्कनी," म्हणून टाकलं. त्याने त्याच दिवशी बुकिंग केलं.

आता गेटवर तो एवढंच सांगतो, "वरण-भात खाल्लाय, झोपली नाहीये."

आज मीच मुद्दाम म्हटलं, "अजून बदलता येईल हं."

"ठरलंय ना? मग झालं."

भांडण इतक्यात संपवायला नको होतं. त्याची बस यायला अजून वेळ होता, तरी आम्ही दोघं गप्प रस्त्याकडे बघत उभे राहिलो.