पावावरचा कोंबडा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठसा आहे. वर मूठ आणि तळाला कोरलेला कोंबडा, एवढाच माझा देह. पण मातेरा गावातल्या आमच्या गल्लीत माझ्या शब्दाला मोठा मान होता.

दोनातो नावाच्या मेंढपाळाने मला ऑलिव्हच्या लाकडातून कोरले. आमच्याकडे मुलीला मागणी घालताना असा ठसा द्यायची रीत होती. फिलोमेनाने मला उलटसुलट करून पाहिले.

"हा कोंबडा आहे की लठ्ठ कबुतर?" ती म्हणाली. परत मात्र तिने मला दिले नाही. लग्न ठरले!

गल्लीत सगळ्यांची मिळून एकच भट्टी होती. बायका घरी कणीक मळून गोळ्यावर आपापला ठसा मारत आणि भट्टीवाला पास्क्वाले फळ्या उचलून नेई. भाजलेले पाव ठसा पाहूनच परत मिळत. मला नेहमी एकच कुतूहल वाटे. मी कणकेत रोज रुततो, पण तिची चव कशी असेल?

दोनातो-फिलोमेनाची मुलगी ब्रुना सात वर्षांची झाली. तिला पाव प्राणाहून प्यारा. तेल लावलेला पाव, दुधात बुडवलेला पाव, नुसता कडक पापुद्रासुद्धा! भाजी मात्र ताटात तशीच राही. रानातली कडू चिकोरी दिसली की ती नाक मुरडे. तिने चिकोरी एकदाही चाखली नव्हती. मग ती वाईट आहे हे तिला कसे कळले? मला मोठे नवल वाटे.

एके सकाळी फिलोमेना चिडली. "ब्रुने, आज भाजी खाल्ल्याशिवाय पावाचा तुकडासुद्धा मिळायचा नाही!"

अंगणाच्या पलीकडे कार्मेला मावशी राहत असे. तिचा मुलगा वीतो फार महिन्यांनी त्या दिवशी घरी येणार होता. त्याच्यासाठी तिने एक खास पाव केला होता. त्याचा गोळा अंगणात फळीवर ठेवून ती ठसा आणायला आत गेली. ब्रुनाने मला झटकन उचलले, मावशीच्या गोळ्यावर दाबले आणि वर फडके ओढले. तेवढ्यात पास्क्वाले आला. त्याने फडक्याची कड उचलून पाहिली.

"कार्मेला, ठसा तर मारलाय की! म्हातारी झालीस गं!" असे ओरडून तो फळी घेऊन गेला.

दुपारी ब्रुना मला खिशात घालून भट्टीवर गेली.

"कोंबडा तुमचा, पाव तुमचा," म्हणत पास्क्वालेने तो पाव तिच्या हाती दिला. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

जिन्याखाली लपून ब्रुनाने पाव फोडला. आत काय होते, ओळखा पाहू! चिकोरी, कांदा आणि ऑलिव्ह! तिने तोंड वाकडे केले. पण पोटात कावळे ओरडत होते. तिने एक घास घेतला. मग ती थांबली. मग दुसरा घास घेतला, अगदी सावकाश, जणू कोडे सोडवत होती.

इतक्यात वरून आवाज आला. "वीतो आत्ता येईल गं! त्याचा पाव कुठे गेला?" कार्मेला मावशी रडवेली झाली होती.

ब्रुना अर्धा पाव छातीशी धरून बाहेर आली. "मावशी, मी घेतला. कोंबडा मीच मारला."

फिलोमेनाचा हात वर गेला, पण मावशीचे लक्ष वेगळीकडेच होते. "अगं, तू चिकोरी खाल्लीस?"

"थोडी कडू आहे," ब्रुना म्हणाली, "पण पावातून गेली की मागून गोड लागते."

त्या दिवशी वीतोला अर्धाच पाव मिळाला. पुढच्या खेपेला मात्र ब्रुनाने स्वतः चिकोरी खुडली, पाव भरला, त्यावर मावशीचाच ठसा मारला आणि तो वीतोला नेऊन दिला.

पुढे ती भट्टी बंद झाली. दुकानातून पाव येऊ लागला आणि मी खणात पडून वाळलो, तडकलो. परवा ब्रुनाच्या नातवाने, सावेरिओने, मला शोधून काढले. म्हाताऱ्या ब्रुनाने मला तेल चोळले आणि पुन्हा कणकेवर दाबले.

"आजी, यात भाजी तर नाही ना?" सावेरिओने संशयाने विचारले.

"फोडून बघ," ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या लाकडाला अधूनमधून तेलाचा हात लावा. आणि ताटातली भाजी बाजूला सारण्याआधी एक घास घ्या. तिची चव कशी असते हे मला आजही ठाऊक नाही. मला तोंड नाही, तुम्हाला आहे.