एका दुपारची गैरहजेरी

भिंतींना लावायचे नक्षीदार कागद छापणाऱ्या त्या कारखान्यात दुपारी दोननंतर जागं राहणं हीच खरी नोकरी. रंगांचा गोडसर वास, छपाईच्या रुळांची एकसुरी घरघर, मळक्या काचांतून झिरपणारं हिरवट ऊन. कंपनीच्या वकीलबाईंची खोली नेमकी रुळांच्या डोक्यावर होती. कलमं वाचता वाचता आपण होडीत बसलोय, असं त्यांना वाटायचं.

तशाच एका दुपारी नक्षीकाका आले. एकतीस वर्षं इथल्या नक्ष्या काढणारा माणूस, पण खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला. त्यांनी टेबलावर कागद उलगडला. पानांवर पानं, आणि पानांआड पाठमोरी उभी असलेली एक बाई. बघत राहिलं की ती आत्ता मान वळवेल असं वाटे.

"ही आमची मंडळी," काका म्हणाले. "जाऊन दोन वर्षं झाली. स्वप्नात म्हणून कधी आली नाही. मग एके दिवशी आली, ती अशी."

मोठ्या साहेबांनी नक्षी पाहिली होती आणि पुढच्या हंगामात छापायची ठरवली होती. काकांना ती फक्त स्वतःच्या खोलीत लावायची होती.

"हजार घरांत तिला उभी करू का मी? लोक खिळे ठोकतील हो तिच्यावर."

वकीलबाईंनी काकांचा नोकरीचा करार पुढे ओढला. तो त्यांनीच लिहिला होता आणि त्यात मुंगी शिरेल एवढीही फट ठेवली नव्हती: कामाच्या वेळेत जे जे सुचेल, ते कंपनीचं. आपल्याच हुशारीचा त्यांना मनापासून राग आला.

"स्वप्न घरी पडलं असेल ना, काका?" त्यांनी उत्तरच हातात ठेवलं.

पण काकांना खोटं बोलता आलं असतं तर काय हवं होतं. "छे, इथेच. जेवून टेबलावर डोकं टेकलं, ते चारला उचललं."

"कधीची गोष्ट?"

तारीख ऐकताच बाईंनी खण उघडला. आत काकांचाच तक्रारअर्ज होता, त्याच तारखेबद्दलचा. इथला सुपरवायझर झोपलेल्याला उठवत नसे. हजेरीवहीत 'दुपारनंतर गैरहजर' असा शेरा मारून मुकाट पुढे जाई. काकांचा एकतीस वर्षांत एकही खाडा नव्हता. तो एक शेरा खोडून मिळावा म्हणून ते तीन महिने हात धुऊन मागे लागले होते, आणि बाई उद्याच तो खोडणार होत्या.

"काका, शेरा खोडला तर त्या दुपारी तुम्ही कामावर होता. मग ही कंपनीची. शेरा राहिला, तर कंपनीच्याच वहीप्रमाणे तुम्ही इथे नव्हता. मग ही तुमची. दोन्ही नाही मिळायचं."

बाईंनी अर्ज काढून नक्षीशेजारी ठेवला. खाली रूळ घरघरत होते, आणि टेबलावरची पानं हलताहेत असं बाईंना उगीच वाटून गेलं.

"ती सारखी म्हणायची," काका म्हणाले, "एक दिवस तरी माझ्यासाठी दांडी मारा. मी कधी मारली नाही."

त्यांनी अर्ज उचलला, घडी घातली आणि शांतपणे फाडला.

"राहू द्या शेरा, बाई. त्या दुपारी मी दांडी मारली होती."