स्क्रूभोवतीचे तीन ठिपके

स्क्रूभोवती तीन ठिपके होते. एक फिकट गुलाबी, एक मरून, एक लाल. प्रत्येकाचा व्यास साधारण दीड मिलिमीटर. गुलाबी आणि मरूनमध्ये चाळीस अंशांचं अंतर, मरून आणि लालमध्ये सत्तर. स्क्रूच्या डोक्यावरची खाच लाल ठिपक्याकडे तोंड करून थांबली होती. गेले अकरा महिने ती तशीच होती.

ही मापं तिने प्रयोगशाळेतलं भिंग आणून घेतली होती. दुकानांतली वजनंमापं तपासून त्यांवर शिक्का मारणाऱ्या प्रयोगशाळेत तिची एकोणीस वर्षं गेली होती. नवरा गेला त्या आठवड्यात लोक भेटायला येत होते, तेव्हा तिने घरातल्या सगळ्या घड्याळांमधला फरक मोजला होता. सगळ्यांत पुढचं आणि सगळ्यांत मागचं यांत चार मिनिटं दहा सेकंद. रडू आलं नव्हतं. अजूनही आलं नव्हतं. जेवणात मीठ आहे की नाही, हे तिला सासूबाईंच्या चेहऱ्यावरून कळायचं.

गाडी नवऱ्याची होती. साय घातलेल्या चहाच्या रंगाची, तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. त्याने ती भंगाराच्या भावात आणली आणि रविवारचे रविवार तिच्यात घातले. स्क्रूभोवतीचे ठिपकेही त्याचेच. तो गेल्यावर गाडी सुरू केली की दोन मिनिटं धडधडायची आणि मान टाकायची. गॅरेजवाल्या मिस्त्रींनी दुसऱ्याच महिन्यात सांगून टाकलं होतं, की कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनाला हवा-पेट्रोल पुरवणारा तो स्क्रूवाला भाग, संपला. आतली दांडी ज्या भोकात फिरते ते भोक झिजून लांबट झालंय, दोनदा बुश, म्हणजे आतून धातूची नळी, घालून झालाय, आता तिथे धातूच उरलेला नाही. दुसरा बसवावा लागेल.

दुसरे दोन होते. टेबलावर जुन्या वर्तमानपत्रावर मिस्त्रींनी ते मांडून ठेवले होते. एक नवा कोरा, जुन्याची नक्कल म्हणून कुठेतरी बनवलेला, चकचकीत. एक त्याच जातीच्या भंगारात निघालेल्या गाडीचा, काळवंडलेला. त्यांच्या शेजारी तिचा जुना, ठिपक्यांचा. दर शनिवारी ती यायची, तिन्ही हातात घेऊन बघायची आणि म्हणायची, "पुढच्या शनिवारी सांगते."

"वहिनी," मिस्त्री एकदा म्हणाले होते, "मुलगी बघायला येणारी मंडळीसुद्धा तिसऱ्या खेपेला होय-नाही सांगून मोकळी होतात."

आजचा शनिवार शेवटचा होता. मिस्त्रींची नजर अधू झाली होती. सोमवारी गॅरेजची किल्ली मालकाला देऊन ते लेकीकडे राहायला जाणार होते. भिंतीवरचे पाने उतरवून झाले होते, मागे फक्त त्यांचे आकार उरले होते. गाडीसाठी दिराने एक हॉटेलवाला शोधला होता. त्याला ती स्वागतकक्षात, झाडांच्या कुंड्यांमध्ये उभी करायची होती. इंजिन चालण्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. होकार दिला तर उद्या सकाळी ट्रक येणार होता. दुपारपर्यंत ती सांगणार होती.

"जसंच्या तसं ठेवतील," दीर म्हणाला होता. "जुना कार्ब्युरेटर परत अडकवायचा आणि बॉनेट बंद. कुणी हातसुद्धा लावणार नाही." हे वाक्य तिच्या मनात बसून राहिलं होतं. म्हणजे खाच लाल ठिपक्यापाशीच राहील.

आज सासूबाई सोबत आल्या होत्या. शेवटचं बसून घेते म्हणाल्या आणि पर्स मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर, चालकाच्या शेजारी बसल्या.

"ही जागा तुझी, ठाऊक आहे मला," त्या खिडकीतून म्हणाल्या. "पण मागे बसले की पुढच्या दोन्ही रिकाम्या दिसतात."

"बसा, आई."

तिने जुना कार्ब्युरेटर उचलला. "मिस्त्री, यातला कुठलाही बसवला, तर स्क्रू याच जागी लावता येईल? अंश मी लिहून आणलेत."

"लावायला काय, लावीन. पण गाडी धूर ओकेल." मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला. "हे माप या भोकाचं आहे, वहिनी. भोक झिजलं, की बाजूने चोरटी हवा आत शिरते. मग पेट्रोल कमी पडतं, म्हणून स्क्रू थोडा सैल करायचा. पुढच्या वर्षी आणखी थोडा. दादा पहिल्यांदा आले तेव्हा खाच इथे होती." त्यांचं काळं नख गुलाबी ठिपक्यावर टेकलं.

"मला वाटायचं, तो दर वेळी जास्त नेमकं करत होता."

"नेमकं कुठलं आलंय! भोक पुढे पळत होतं, दादा मागे पळत होते."

ती ठिपक्यांकडे बघत राहिली. तीन मापं, एकाच दिशेने सरकत गेलेली. एखाद्या शिकाऊ मुलीने अशी वही आणली असती, तर तिने एका नजरेत सांगितलं असतं, हे उपकरण झिजतंय. इथे अकरा महिने हातात धरून तिला ते दिसलं नव्हतं. वाईट वाटेल म्हणून ती थोडी थांबली. तसं काही झालं नाही. फक्त हातातलं वजन जाणवलं.

"गुलाबी आणि मरून माझं नेलपॉलिश," ती म्हणाली. "लाल कुठलं ते आठवत नाही."

"ते माझं," गाडीतून आवाज आला. "भाचीच्या लग्नासाठी घेतलं होतं, एक बोट रंगवून झालं नाही तोच बाटली गायब. म्हातारीचे नखरे म्हणून हसला, आणि स्वतः गाडीला लावत बसला. जन्मात कधी भाजीत मीठ नीट पडलं नाही त्याच्या हातून, आणि तू त्याचा स्क्रू जपत बसलीयस."

मिस्त्री खोकल्यासारखं हसले. तिच्याही ओठांचा एक कोपरा हलला असावा.

तिने भंगारातला कार्ब्युरेटर हातात घेतला. दांडी हलवून पाहिली. जवळजवळ हललीच नाही. नव्याची दांडी खोक्यातून निघाली तेव्हापासूनच खुळखुळत होती. हे तिने पहिल्याच शनिवारी मोजून वहीत लिहिलं होतं. निवडण्यासारखं काही नव्हतंच. आज तिने तो उजेडाकडे तिरपा धरला, तेव्हा स्क्रूशेजारी खरवडलेली एक बारीक रेघ दिसली.

"ही कुणाची?"

"ज्याची गाडी होती त्याची. कोण होता, देव जाणे. तोही खुणा करणाऱ्यातला. नेलपॉलिश मिळालं नसेल घरात, खिळ्याने ओढलीय."

"ही जागा तरी बरोबर आहे का?"

"त्याच्या इंजिनाला असेल. आपल्याला कानाने लावावी लागेल."

तिने तो खाली ठेवला. तेवढ्यात फोन वाजला. दिराचा होता. तिने चालकाच्या बाजूचं दार उघडलं आणि आत बसली. सीट त्याच्या उंचीची होती, पाय पुरत नव्हते. वाकून तिने सीटखालची दांडी ओढली आणि सीट पुढे घेतली. सासूबाई समोर बघत राहिल्या. पर्सची साखळी तेवढी एकदा वाजली.

"वहिनी, ट्रकवाला विचारतोय. सांगू ना त्याला?"

"नको सांगू," ती म्हणाली. "गाडी द्यायची नाही. मिस्त्री तो भंगारातला, रेघ असलेला बसवताहेत, स्क्रू नव्याने लावायचाय. संध्याकाळी मी चालवत घरी आणते."