नजीरभाईचा चिमटा

सगळे विहिरीत वाकून बघत होते, तेव्हा नजीर यारीच्या खांबाकडे बघत होता. विहिरीत बघण्यासारखं काही उरलंही नव्हतं. विहीर खोदणाऱ्या कल्याणला वर काढून अर्धा तास झाला होता. लिंबाखाली त्याला निजवलं होतं, अंगावर कुणाचं तरी उपरणं टाकलं होतं, आणि त्याची बायको दैवशाला दोन बायांच्या हातात कशीबशी बसली होती. तरी माणसं काठावरून हलत नव्हती. मेलेल्या माणसापेक्षा तो पडला ती जागाच लोकांना जास्त बघायची असते, कोण जाणे का.

यारी म्हणजे विहीर खोदताना दगडमुरूम वर ओढायचं यंत्र. इंजिन, दोर गुंडाळायचा ड्रम, आणि विहिरीवर झुकलेला लोखंडी हात. दोर तारांचा, बोटाएवढा जाड. त्याला लोखंडी डोल लटकते, तिच्यातून दगडही वर येतात आणि माणसंही. या यारीच्या खांबावर छातीच्या उंचीला नजीरनं स्वतः बनवलेला चिमटा बसवला होता. ड्रमचा ब्रेक गेला आणि दोर सुटला, तर चिमट्यानं दोर धरायचा आणि डोल होती तिथं थांबवायची, एवढंच त्याचं काम. आज दुपारी कल्याण जेवायला वर येत होता. डोल अर्ध्यावर असताना ब्रेक गेला, आणि चिमट्यानं दोर धरला नाही.

का धरला नाही, ते नजीरला दिसत होतं. चिमट्याची दांडी खाली दाबून खांबाला बांधून टाकली होती. हिरव्या काठाची चिंधी, दोन गाठी. डोल खाली सोडताना ही दांडी कुणीतरी दाबून धरायची, तेवढा वेळ चिमटा उघडा राहतो. हात काढला की स्प्रिंग त्याला मिटवते. दांडी दाबायचं काम दैवशालाचं होतं. वर आलेली डोल ओढून रिकामी करायचं कामही तिचंच. तिच्या डोक्याला बांधलेल्या फडक्याला तोच हिरवा काठ होता.

नजीर खांबाला टेकल्यासारखा उभा राहिला. गाठी नखांनी सुटेनात, तेव्हा त्यानं खाली वाकून दातांनी सोडवल्या. चिंधी खिशात गेली. दांडी सुटली आणि चिमट्यानं मोकळा दोर खटकन पकडला. त्या आवाजानं दोन-तीन माणसांनी मागं वळून पाहिलं आणि पुन्हा विहिरीत पाहिलं.

थोड्या वेळानं पोलीस ठाण्यातून जमादार आले. त्यांनी चिमट्याला बोट लावून विचारलं, "हे काय आहे?"

यारीचा मालक काकासाहेब लगेच पुढं झाला. "ह्यानं बसवलाय साहेब, नजीरनं. शहागडला दुकान आहे ह्याचं. म्हनला, ब्रेक गेला तरी डोल खाली जायची न्हाई. आमी भरवशावर राह्यलो."

काकासाहेबाच्या ब्रेकचा पट्टा झिजून खिळ्यांना आला होता. नजीरनं त्याला दोनदा सांगितलं होतं. पण आता काकासाहेबाला बोलायला जागा मिळाली होती, आणि बुडत्या माणसानं काठ सोडावा अशी अपेक्षा कशी करायची?

"मंग धरलं का न्हाई यानं?" जमादारांनी विचारलं.

नजीरनं लिंबाकडं पाहिलं. दैवशालाची सासू आता पोचली होती आणि सुनेच्या गळ्यात पडून रडत होती. शेजारी दीर धर्मराज उभा होता. खरं सांगायला चार शब्द पुरले असते. ते चार शब्द कागदावर गेले असते आणि कागदावरून गावात. पुढं जन्मभर ही बाई नवऱ्याला मारणारी म्हणून त्याच सासूच्या घरात भाकरी खाणार होती.

"स्प्रिंग ढिली पडली असंल साहेब," नजीर म्हणाला.

ती स्प्रिंग जीपच्या क्लचची होती. दहा वर्षं ढिली पडली नसती. असं बोलताना त्याला कल्याणपेक्षा चिमट्याचं वाईट वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

चिमट्याची गोष्ट तीन वर्षांची होती. घनसावंगीकडच्या एका विहिरीत संघपाल नावाचा खोदणारा असाच डोलीसकट गेला होता. त्या यारीचा सांगाडा नजीरनं जोडलेला. सांगाड्याला काही झालं नव्हतं, दोष कुणी दिला नव्हता, पण नजीरच्या डोक्यातून तो माणूस जाईना. हायवेवरच्या दुकानात ट्रकचे पाटे आणि नांगराचे फाळ जोडता जोडता तो दोर धरायची युक्ती शोधत राहिला. पहिला चिमटा दातांचा केला. त्यानं दोर धरला, पण दोराच्या तारा कुरतडल्या. मग दात घासून टाकले, दोराच्या जाडीची खोबण पाडली, आणि जबडा असा तिरका बसवला की वर जाणारा दोर मोकळा सरकावा आणि खाली जाणारा जितका ओढेल तितका आवळला जावा. लोकांनी नावं ठेवली, हसले. त्यावर या सरळ माणसानं वेड्यासारखं एक काम केलं. वीस-पंचवीस माणसांसमोर तो स्वतः डोलीत बसला, विहिरीवर लटकला, आणि यारीवाल्या हरिओमला म्हणाला, "छोड ब्रेक."

डोल एक वीत खाली गेली आणि थांबली. वर आल्यावर नजीर हसत होता. त्याच्या आयुष्यात टाळ्या वाजल्याचा तो एकच प्रसंग. त्यानंतर काकासाहेबाखेरीज आणखी अकरा यारीवाल्यांनी चिमटे नेले.

दांडी जड आहे, हे मात्र त्याला दैवशालानंच सांगितलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी काही सामान न्यायला ती दुकानात आली होती. "नजीरभाई, दिवसभर दाबून मनगट भरून येतंय बगा. एका हातानं दांडी धरू का डोल वढू?" नजीरनं दांडी लांब करून देतो म्हणून सांगितलं. लांब दांडीला जोर कमी लागतो, यात अवघड काही नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यानं ती बनवलीसुद्धा आणि रंग लावून खिळ्याला अडकवली. मग उसाच्या ट्रॉल्या दुरुस्तीला येऊन पडल्या. विहीर दुकानापासून चार किलोमीटरवर होती. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता ती खिळ्यालाच राहिली.

जमादारांपुढं सही करून तो घरी आला, तेव्हा बातमी त्याच्या आधी पोचली होती. कमरुन्निसा दारातच उभी होती.

"झूट कायकू बोले तुमे?" ती म्हणाली. "वो चिमटा छूटता नई. तुमे खुद बैठे थे उसमें. मैं वहींच खडी थी."

नजीरनं खिशातून चिंधी काढून तिच्या हातावर ठेवली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली.

"किसकी है?"

"उसकी औरत की."

कमरुन्निसा खाली बसली. बराच वेळ ती काठावरची वेलबुट्टी अंगठ्यानं चोळत राहिली. "उसकू मालूम है?"

"पता नई."

"तो मत बोलो," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "पर दूसरे लोगां भी फेंक देंगे अब तुमारा चिमटा. फिर कोई गिरा तो?"

हा प्रश्न नजीरलाही वाटेत पडला होता. त्या दिवशी त्यानं एका बाईला वाचवलं होतं आणि कुठल्या कुठल्या विहिरीत कुणाकुणाला सोडून दिलं होतं, याचा हिशेब लागत नव्हता.

चिमटे परत यायला चौथ्या दिवसापासून सुरुवात झाली. कुणी मोटारसायकलच्या डिकीतून आणून गुपचूप ओट्यावर ठेवला, कुणी चार शब्द ऐकवून टाकला. शेवटचा रामकिसन आला. तो भला माणूस होता. "राग नका धरू नजीरभाई," तो म्हणाला. "खाली उतरनारे मानसं आयकना गेल्ते. ह्यो काढ, तवाच उतरतो, म्हनले."

"बराबर आहे त्यांचं," नजीर म्हणाला.

रामकिसन गेल्यावर त्यानं चिमटा हातात घेऊन उघडला आणि थांबला. चिमटे तो लाल रंगवायचा. गंज चढू नये म्हणून खोबणीच्या आतपर्यंत कुंचला फिरवायचा. यारीवर चढवलेल्या चिमट्यातून दिवसभर दोर घासून सरकतो, तो रंग पहिल्याच दिवशी उडायला हवा. रामकिसनच्या चिमट्यात रंग जसाच्या तसा होता. दांडीवर मात्र तारेचा वळ पडला होता. त्यानं ओट्यावरचे बाकीचे चिमटे एकेक करून उघडले. कुठं सुतळीचा धागा अडकलेला, कुठं सायकलच्या ट्यूबचं रबर. अकरातल्या आठांच्या खोबणीत रंग शाबूत होता.

म्हणजे ते कधी मिटलेच नव्हते. बसवले त्याच दिवशी बांधून टाकले होते. तेव्हापासून नजीर रात्री निवांत झोपत होता, आणि त्याच्या जिवावर निवांत होऊन माणसं विहिरीत उतरत होती. त्याला ओरडावंसं वाटलं, पण ओरडून कुणाला सांगणार? तो ओट्यावर बसून राहिला. गिऱ्हाईक आलं, त्याला उद्या ये म्हणाला.

दैवशाला आली ती दीड महिन्यानं. वडाप जीपमधून उतरली, रस्ता ओलांडून सरळ दुकानात आली. कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी. नजीरनं स्टूल पुसून दिलं. ती बसली नाही.

"एक इचारायचं होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुनाला इचारता येत न्हाई."

"बोला ताई."

"दगुड काढताना मी दांडी बांधून ठिवत होते. ह्ये बसले की सोडत होते. रोज सोडत होते." ती थांबली. "त्या दिवशी सोडली का न्हाई, त्ये ध्यानातच येईना. लई आठवून राह्यले. भाकरी सोडून ठिवल्याली आठवते, ह्यांनी खालून हाक मारल्याली आठवते, पुढचं काहीच न्हाई. तुमी पोलिसांच्या आधी आल्ते तिथं. तुमाला दिसलं आसंल."

नजीरनं तिच्या डोळ्यांत पाहिलं नाही. "सोडली होती," तो म्हणाला. "म्या पाह्यली. दांडी मोकळी होती."

"बिलकुल मोकळी?"

"बिलकुल."

तिचे खांदे खाली आले. तोंडावर पदर धरून ती तशीच उभ्या उभ्या रडली. मग तिनं पदर काढला, आणि तिचा चेहरा बदलला होता.

"मंग तुमच्या चिमट्यानंच धरलं न्हाई."

"न्हाई धरलं."

"मंग तुमीच मारलं त्यांना."

"हां ताई," नजीर म्हणाला.

ती जायला वळली. ओट्यावर लाल चिमट्यांचा ढीग होता. त्यातला वरचा तिनं उचलला. फेकणार, असं नजीरला वाटलं. पण हाताला सवय होती. तिनं पदराचं टोक पिळलं, चिमटा ओट्यावर टेकवून एका हातानं दांडी दाबली, दुसऱ्या हातानं टोक खोबणीत घातलं आणि दांडी सोडली. चिमटा खटकन मिटला. मग तिनं पदर ओढला. निघाला नाही. चिमटा ओट्याच्या कडेला अडकवून दोन्ही हातांनी ओढला, पाय रोवून ओढला. कापड करकरलं, पण सुताएवढंही सरकलं नाही.

रस्त्यावरून उसाचे दोन ट्रॅक्टर गेले.

"ह्यो दुसरा आहे," नजीर शेवटी म्हणाला. "त्यो येगळा होता."

दैवशालानं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. पदर सोडवायला तो पुढं झाला, तर तिनं त्याला हातानंच थांबवलं. मनगट टेकवून, सगळा भार देऊन तिनं दांडी दाबली आणि पदर काढून घेतला. तो खांद्यावर नीट केला.

"दांडी आजूनबी जडच आहे, नजीरभाई," ती म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.

ती बसलेली घनसावंगीची जीप भरून निघेपर्यंत नजीर दुकानाच्या दारात उभा होता. मग आत येऊन त्यानं खिळ्याला अडकवलेली लांब दांडी काढली. तिच्यावर बोटभर धूळ बसली होती. ती पुसून त्यानं त्याच चिमट्याला बसवली, बोल्ट आवळला, आणि दाबून पाहिली.

एका बोटानं दांडी खाली गेली.