चौथा नकार

गाव आपल्याला खांब म्हणतं, हे खांबसाहेबांना ठाऊक होतं. एकाच माणसाला एकवीस वर्षं बँकेच्या एकाच खुर्चीत बघितल्यावर गावाने तरी दुसरं काय म्हणायचं? चार व्यवस्थापक आले, बसले आणि बढती घेऊन निघून गेले. हे आपले खिडकीजवळच्या त्याच टेबलाशी, चेकवरच्या सह्या पडताळत. आताचा पाचवा तर त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. चेकवरची तारीख कशी बघायची इथपासून ज्याला शिकवलं, त्याच्याच केबिनच्या दारात आता "साहेब, आत येऊ का?" म्हणत उभं राहायचं. तेही रोज. कुणाच्याही डोक्यात तिडीक जाईल.

बँकेची रीतच तशी होती. बढती हवी तर बदली घ्यायची, आणि बदली कुठे होणार ते आधी कुणी सांगणार नाही. नको असेल तर एका ओळीचं पत्र लिहून द्यायचं, विषय संपला. खांबसाहेबांची अशी तीन पत्रं देऊन झाली होती. पहिलं दिलं तेव्हा मुलगी शाळेत नुकती कुठे रुळली होती. दुसऱ्याच्या वेळी वडील अंथरुणाला खिळलेले. तिसऱ्याच्या वेळी मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष. घरी मात्र त्यांनी यातलं अवाक्षरही काढलं नाही. बायकोच्या जिवाला उगाच घोर कशाला? आणि खरं सांगायचं तर, आपण घरासाठी केवढं सोसतो हे कुणालाही न सांगता सोसण्यात त्यांना आतून जरा अभिमानही वाटायचा.

आता ही चौथी वेळ, आणि शेवटची. पुढच्या वर्षी ते बढतीच्या वयात बसणार नव्हते. मुलगी महिन्यापूर्वीच शिकायला बाहेरगावी गेली होती, म्हणजे हो म्हणायला आता हरकत नव्हती. तीन दिवस ते मनातल्या मनात स्वतःच्या केबिनमध्ये बसून आले. दारावर नावाची पाटी, बाहेर ताटकळणारी माणसं, सगळं बघून झालं. पण मग बायको डोळ्यांपुढे आली. तिचा शिवणाचा क्लास, तिच्या शेजारणी, बाजारात तिला थांबवून बोलणाऱ्या बायका. लेक गेल्यापासून घर तिला आधीच खायला उठत होतं. तिला उचलून परक्या गावात नेऊन टाकायचं कोणत्या तोंडाने? सकाळी आल्या आल्या त्यांनी नकाराची ओळ लिहिली, सही ठोकली आणि कागद केबिनमध्ये देऊन आले. मग दुपारपर्यंत दिसेल त्याच्यावर खेकसत बसले. चष्मा विसरून आलेल्या एका म्हाताऱ्या पेन्शनरालाही त्यांनी सोडलं नाही.

दुपारी जेवायला घरी गेले. ताट समोर ठेवता ठेवता बायको म्हणाली, "काय हो, या वेळी तरी हो कळवलंत ना?"

"तुला कोण म्हणालं?"

"तुमच्या शिपायाची बायको येते ना माझ्या क्लासला. मागे तीनदा नाही म्हणालात, तेही तिनेच सांगितलं होतं. म्हटलं, यांचा जीव गुंतलाय त्या शाखेत, आपण कशाला बोलायचं? पण आता पोरगी गेली. मला वीट आलाय हो या गावाचा. क्लास तरी का काढला मी? दिवस सरता सरेना म्हणून."

"बँकेत एक काम राहिलंय," एवढंच म्हणून ते भरल्या ताटावरून उठले.

बँकेपर्यंत ते जवळजवळ पळतच आले आणि न विचारता केबिनचं दार ढकललं. "माझं सकाळचं पत्र परत द्या."

व्यवस्थापक अजूनही त्यांना बघून उठून उभा राहायचा, तसा राहिला. "सर, ते गेलं की वर. मी लगेच पाठवलं. फोनही केला. तुमचं घरावर किती प्रेम आहे, मला माहीत नाही का? सांगून टाकलं, यांना सारखं विचारून त्रास देऊ नका. बढतीची यादी बंदसुद्धा झाली."

"अरे, मला एकदा विचारायचं तरी होतंस."

"सर, तुम्ही स्वतः लिहून दिलं होतं."

पोरगा भल्यासाठीच वागला होता, हीच तर पंचाईत होती. ते आपल्या जागेवर येऊन बसले आणि सहा वाजेपर्यंत लोकांच्या सह्या पडताळत राहिले. कुणावर ओरडायचंही त्राण उरलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आले तर बायकोने कपाटावरच्या दोन्ही मोठ्या बॅगा खाली काढल्या होत्या आणि ओल्या फडक्याने पुसत बसली होती. त्यांनी बूटही काढले नाहीत.

"मी नकार लिहून दिलाय. सकाळीच. परत घ्यायला गेलो होतो, पण आता काही होत नाही."

तिचा हात थांबला. "का पण?"

"तुझ्यासाठी. तुला हे गाव सोडवणार नाही, असं वाटलं मला."

"आणि मागचे तिन्ही नकार?"

"तुमच्यासाठीच. तुम्हा सगळ्यांसाठी."

"आणि मी इतकी वर्षं तुमच्यासाठी गप्प बसले."

ती तिथेच बॅगेवर टेकली. हातातल्या फडक्याचं पाणी फरशीवर ठिबकत होतं, तिकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. तिने विचारलं, "म्हणजे इथे राहायचं होतं तरी कुणाला?"